घटस्फोट झाला की निम्मी जमीन बायकोची? आधी सातबारा उघडा

परतूरहून बोलतोय. मधेच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, आमची खोली स्टेशनाच्या अंगालाच आहे.

मागच्या एपिसोडनंतर एका मुलीचा व्हॉईस मेसेज आला. "दादा, घटस्फोट झाला की बायकोला निम्मी प्रॉपर्टी मिळते ना? रीलमध्ये तर तसंच सांगतात." मला लगेच माझी मावशी आठवली.

मावशीचा संसार चौदा वर्षांचा. आमच्याच तालुक्यातलं गाव, साडेचार एकर रान, कापूस आणि सोयाबीन. 2016 च्या दुष्काळात बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा तिच्या पाटल्या आणि गंठण मोडलं. आता प्रकरण कोर्टात आहे. मी तिला विचारलं, "मावशी, जमिनीचं काय?" ती म्हणाली, "जमीन त्यांची हाय बाबा. मी तर नुसती राबले."

ऐकून राग आला. पण कायद्याने बघितलं तर तिचं जमिनीबद्दलचं म्हणणं बरंचसं खरं आहे. आपल्याकडे 'लग्नानंतर कमावलेलं सगळं दोघांचं' असा नियमच नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. 2013 मध्ये राज्यसभेने एक विधेयक मंजूर केलं होतं, त्यात घटस्फोटानंतर बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा द्यायची तरतूद होती. ते लोकसभेत अडकलं आणि कायदा झालाच नाही. रीलवाल्यांचा निम्मा वाटा कुठून आला देव जाणे. बहुतेक अमेरिकेच्या सिरीजमधून.

निम्मा वाटा हवा तर तो आपल्या शेजारी, गोव्यात बघा. तिथे पोर्तुगीजांच्या काळातला 1867 चा नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि लग्न मोडलं की निम्मी-निम्मी होते. बांद्याच्या पुढे सीमा ओलांडली की बायकोचा हिशेब बदलतो!

मग परतूरच्या बाईच्या हातात काहीच नाही का? आहे. पण ते वेगळ्या नावाने आहे.

पहिलं स्त्रीधन. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मैत्रिणींनी तिला जे दिलं ते तिचं. सोनं, भांडी, रोख, सगळं. दागिने सासूच्या कपाटात ठेवले म्हणून मालकी बदलत नाही. सुप्रीम कोर्टाने हे 1985 मध्येच सांगितलंय, आणि मागूनही परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

इथेच मावशीच्या बोअरचा मुद्दा येतो. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर केरळच्या एका जोडप्याचं प्रकरण होतं. बायकोचं म्हणणं असं, की माहेरून मिळालेलं 89 पवन सोनं नवऱ्याने आईकडे ठेवायला दिलं आणि ते त्यांच्या जुन्या कर्जात गेलं. कोर्ट म्हणालं, स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करायची जबाबदारी त्याची. बाईला 25 लाख रुपये द्यायला लावले. म्हणजे जमीन मावशीची नसेल, पण ज्या पाटल्यांच्या पैशातून त्या जमिनीला पाणी लागलं त्या पाटल्या तिच्या होत्या, आणि त्यांचा हिशेब मागता येतो.

फक्त पुरावा पाहिजे. मावशीच्या पत्र्याच्या पेटीत सोनाराची पावती निघाली. बोअरच्या गाडीवाल्याचं बिलही निघालं. दोन्हींच्या तारखेत चार दिवसांचं अंतर! वकीलबाई ते कागद बघून पहिल्यांदा हसल्या. तुमच्या घरात लग्नाचे फोटो असतील, दागिन्यांच्या पावत्या असतील, तर आजच मोबाईलने काढून मेलवर टाका. भांडण झाल्यावर पेटीच हाताला लागत नाही.

दुसरं, पोटगी. 2020 च्या एका निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही आपलं उत्पन्न, जमीन, कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. म्हणजे नावावर नसलेली जमीनही पोटगीचा आकडा ठरवताना मोजली जाते. लेकरांचं तर वेगळंच. आईबापाचा घटस्फोट झाला तरी वडिलोपार्जित जमिनीतला मुला-मुलींचा हक्क जात नाही. आणि वकिलाच्या फीची भीती असेल तर ऐका: तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन नंबर 15100.

पण हे सगळं झालं मोडल्यानंतरचं. आधीची वाट आपल्याच महाराष्ट्राने काढली होती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं. त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती' सुरू झाली. रानात राबणाऱ्या बायकोचं देणं आहे असं मानून नवऱ्याने आपण होऊन तिला जमीन द्यायची. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते केलं. 1992 मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यांच्याकडे चौकशी करा. अट एकच, नवऱ्याची तयारी पाहिजे. मला विचाराल तर योजनेची सगळी गोम तिथेच आहे. ज्या घरात नवरा आनंदाने अर्ज करतो तिथे भांडण कोर्टात जायची भीती तशीही कमीच.

तरी नाव लागलेलं बरं. उद्या रस्त्यासाठी किंवा धरणासाठी जमीन गेली तर मोबदला सातबारा बघूनच देतात. आमच्या भागात दुधनेच्या धरणाने हे पुष्कळांना शिकवलंय.

हा एपिसोड लिहिताना मी आमचा सातबारा मोबाईलवर काढून बघितला. आईचं नाव नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, "बघू, पेरणी होऊ दे."