टँकरवाले मामा

जव्हारला आगगाडी येत नाही. मोखाड्यालाही नाही. जवळची स्टेशनं म्हणजे एका अंगाला पालघर नि डहाणू, दुसऱ्या अंगाला कसारा नि इगतपुरी. मधे सगळे घाट आणि वळणं. म्हणजे आमच्या चहातली साखर, घराचं सिमेंट, जूनमध्ये मिळणारी कोरी पुस्तकं, एवढंच काय, फळ्यावर लिहायचा खडूसुद्धा कुणीतरी ट्रकमध्ये घालून इथवर आणलेला असतो. तो 'कुणीतरी' कोण, हे आपण सहसा विचारत नाही.

आमच्या भागात असे एक होते. सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. गेल्या वर्षी ते आजारपणात गेले, घरीच, आपल्या माणसांत. पेपरात काही नाव आलं नाही. ड्रायव्हरचं नाव पेपरात येतं ते अपघात झाला तर. मामांच्या हातून तो कधी झालाच नाही, मग नाव येणार कसं?

चढापेक्षा उतार वाईट, असं ते म्हणायचे. भरलेला ट्रक घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, तर ब्रेक तापतात. जळका वास सुटतो, आणि मग ब्रेक नीट धरेनासे होतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये टाकायची. मग इंजिनच तिला मागून ओढून धरतं. काही जण डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात. तसं केलं की इंजिनाची पकड सुटली! मामांना हे मुळीच खपत नसे. "डिझेल शेठचं, पण जीव माझ्या पोरांचा," असं ते म्हणायचे. झोप आली तर गाडी बाजूला घ्यायची, चाकाला दगड लावायचा आणि अर्धा तास डोळे मिटायचे. शेठ ओरडायचे. मामा ऐकून घ्यायचे, पुन्हा तसंच करायचे. खरं तर तेव्हा १९६१ चा कायदाच होता. त्यात ड्रायव्हरला दिवसाचं काम आठ तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं लिहिलं होतं. लिहिलं होतं, एवढंच.

उन्हाळ्यात मामा पाण्याचा टँकर चालवायचे. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण डोंगरावरून वाहून जातो. एप्रिलात विहिरींचा तळ दिसतो. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणा नदीवर मोठं धरण आहे, मध्य वैतरणा. ते २०१४ साली पूर्ण झालं. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. वर्गातली मुलं विचारतात, "बाई, असं का?" तेव्हा खडू हातात धरून मी थोडा वेळ गप्प उभी राहते.

आता एक गणित. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. मग दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये किती टन पाणी? दहा. हे सोपं होतं. आता सांगा, पूर्ण भरलेला टँकर चालवणं अवघड की अर्धा भरलेला? आमच्या वर्गाने एका सुरात "भरलेला!" म्हटलं होतं. मामा खूप हसले. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत ते हेलकावे खातं. वळणावर गाडी एकीकडे आणि पाणी दुसरीकडे ओढतं. ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे धावतं. म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेले आडवे पत्रे बसवतात, तरीही धोका राहतोच. आणि आमच्याकडे व्हायचं असं की दोन पाड्यांना मिळून टँकर एकच! पहिल्या पाड्याच्या विहिरीत अर्धं पाणी ओतायचं आणि उरलेलं घेऊन पुढच्या पाड्याला जायचं. मामा ते अंतर पायी चालल्यासारखं कापायचे. पुढे बायका हंडे मांडून बसलेल्या असायच्या. त्यांना वाटायचं, हा माणूस मुद्दाम उशीर करतो.

मामांना दोन मुली, एक मुलगा. रात्री उशिरा घरी, पहाटे बाहेर. त्यामुळे मुलं बहुतेक झोपलेलीच दिसायची. म्हणून सुट्टीत ते एकेकाला केबिनमध्ये शेजारी बसवून न्यायचे. थोरली लहानपणी अंक शिकली ती रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा, हे तिला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. ढाब्यावर न जेवता मामींनी बांधून दिलेली नागलीची भाकरी खायची आणि वाचलेला भत्ता मुलांच्या शिक्षणासाठी ठेवायचा, हा त्यांचा नेम. थोरली आज नर्स आहे.

एका गोष्टीवरून मात्र माझं त्यांच्याशी भांडण होतं. दिवाळी झाली की इथली माणसं भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात. संध्याकाळी पाड्यावर ट्रक लागतो. गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि माझ्या वर्गातली पोरं वर चढतात. दुसऱ्या दिवशी पट अर्धा!

"मामा, तुम्ही माझी शाळाच उचलून नेता," मी एकदा म्हटलं. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, हेही सुनावलं. त्यांना ते ठाऊक होतंच.

"बाई, मी नाही नेलं तर दुसरा नेईल. तो पोरांना गाठोड्यांच्या वर बसवील."

मामा पोरांना खाली, केबिनच्या पाठीला टेकवून बसवायचे आणि पुढून दोर बांधायचे.

बाहेरगावी जाणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते दाखवलं की जिथे गेलात तिथल्या शाळेत वर्षाच्या मधेही बसता येतं. पण गाठोड्यात ते हरवतं, भिजतं. त्या वर्षी मी अकरा कार्डं मामांच्याच हाती दिली. त्यांनी ती गाडीच्या कागदांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. विटा भरायला ते त्या भट्टीवर पुन्हा पुन्हा जायचे. दोन महिन्यांनी शाळेसमोर ट्रक थांबला.

"बाई, सात पोरं शाळेत बसली. मी स्वतः जाऊन बघितलं."

"आणि बाकीची?"

"दोघं विटा उलटवतात. दोघी बारक्यांना सांभाळतात."

मग त्यांनी पिशवीतून चार कार्डं काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. एकही भिजलेलं नव्हतं.