पिंपळगाव राजाहून क्रूझवर? बॅगेत काय भराल!

मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझचं बुकिंग झालंय? मग आपला बुलढाण्याचा उन्हाळा डोक्यातून काढा. इथला घाम लगेच वाळतो. समुद्रावर हवा दमट, त्यामुळे जाड सुती कपडे दिवसभर ओलसर राहतात. मलमल, रेयॉन असं पातळ, सैलसर घ्या. लिनन छान, पण चुरगळतं, आणि आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री नेऊ देत नाहीत. पोहायला नायलॉनचाच पोशाख. आत एसी कडक, शाल हवीच. मोठी बॅग केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, म्हणून एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. जरीची साडी? एकच, तीही रात्रीच्या जेवणापुरती. नांदुऱ्याला रेल्वेत चढताना ओझं आपल्यालाच उचलायचंय, मंडळी!