मॅलेट : एका आडनांवाचा प्रवास

आमच्या शिरूर तालुक्यांतील निमोणें गांवीं कोणास निमोणकर म्हणण्याचें कारणच पडत नाहीं. तोच मनुष्य पुण्यास जाऊन राहिला, म्हणजे शेजारी त्यास निमोणकर म्हणूं लागतात. हा 'कर' म्हणजे बहुधा गांव सुटल्याची खूण होय.

फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडींतले सरदार 'द' हा शब्द घालून आपल्या नांवास गांवाचें नांव जोडीत. तो 'द' म्हणजे आपला 'कर'च. परंतु पुण्याच्या इतिहासांत आलेलें एक नॉर्मन आडनांव निराळ्या जातीचें आहे. पेशव्यांच्या दरबारीं इ. स. १७८६ पासून १७९७ पर्यंत कंपनीचा रेसिडेंट असलेला व टिपूविरुद्धचा १७९० चा तह घडवून आणणारा चार्ल्स मॅलेट आपल्यास ठाऊक आहे. हें त्याचें आडनांव इंग्लंडांत आलें तें १०६६ सालीं. हेस्टिंग्जच्या लढाईंत पडलेल्या हॅरल्ड राजाच्या दफनाचें काम विजयी ड्यूकनें विल्यम मॅलेट ह्या सरदारावर सोंपविलें, असें त्या काळच्या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे.

ह्या सरदाराचें मूळ ठाणें सेन नदीच्या मुखाजवळचें ग्राव्हिल. फ्रान्समधील शाखा 'मॅलेट द ग्राव्हिल', म्हणजे मॅलेट ग्राव्हिलकर, म्हणविली गेली. येथें माझा मघांचा नियम मोडतो खरा. पण जहागीर असली म्हणजे घरीं बसूनही 'कर' लावितां येतो. आपले पटवर्धन सांगलीकर झालेच कीं!

मॅलेट शब्दाचा अर्थ कांहीं पंडित 'हातोडा' करितात, कांहीं 'शापित'. कुलाभिमान्यास हातोडा सोयीचा. परंतु टोपणनांवें सोय पाहून पडत नाहींत, हें वाकडे, बोबडे अशीं आडनांवें हजेरींत पुकारलेल्या मास्तरास कोणी सांगावयास नको.

खरी गंमत सॉमरसेट परगण्यांत आहे. तेथें शेप्टन, म्हणजे मेंढवाडा, नांवाचें गांव होतें. मॅलेट त्याचे धनी झाले, आणि गांवच 'शेप्टन मॅलेट' झालें! आपल्याकडे गांव माणसास चिकटतें. तेथें माणूस गांवास चिकटला. गांवाच्या नांवांत आज 'एल' हें अक्षर दोनदां येतें, रेसिडेंटाचें घराणें मात्र तें एकदांच लिहीत आलें. जुने लेखनिक कानास पडेल तसें लिहीत, त्याचा हा परिणाम.

पुढें ह्याच घराण्यांतील ह्यू पॉइंट्झ मॅलेट ठाण्याचा कलेक्टर असतां १८५० च्या मे महिन्यांत माथेरानचा डोंगर चढला. तेथील एका झऱ्यास त्याचें आडनांव पडलें.