देल्फीन सेरिगची तीस वर्षं

दिग्दर्शक आलँ रेनेच्या ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’ या चित्रपटाने १९६१ साली अभिनेत्री देल्फीन सेरिगला पाहता पाहता दंतकथा करून टाकलं. त्या दंतकथेतून बाहेर पडण्याची तिची धडपड मला तिच्या भूमिकांहूनही मोलाची वाटते.

१९३२ साली बैरुतमध्ये जन्मलेली ही पुरातत्त्वज्ञाची मुलगी फ्रान्समध्ये नाटक शिकली आणि पुढे न्यूयॉर्कला गेली. तिथे रेनेने तिला इब्सेनच्या नाटकात पाहिलं. त्याच्याच ‘म्युरिएल’मध्ये तिशीतल्या सेरिगने चाळिशी ओलांडलेली, थकलेली बाई उभी केली आणि १९६३ला व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. पुढे त्रुफो आणि बुन्युएल यांचे चित्रपट आले, रंगमंचावर पिंटरची नाटकं आली. घोगरट, लांबवत बोलणारा तिचा आवाज सगळीकडे ओळखीचा झाला.

१९७५च्या कान महोत्सवात तिचे तीन चित्रपट दाखवले गेले. त्यांपैकी मार्गेरीत द्युरासच्या ‘इंडिया साँग’मध्ये ती कलकत्त्यातल्या फ्रेंच राजदूताची पत्नी आहे, पडद्यावर कुणाचेच ओठ संवादासाठी हलत नाहीत, आवाज बाहेरून येतात. शांताल आकेरमानच्या ‘जान दीलमान’मध्ये ती ब्रसेल्समधली विधवा. बटाटे सोलते, मुलाचे बूट पुसते, दुपारी पैसे घेऊन पुरुषांना घरात घेते. चित्रपट तीन तासांहून मोठा, कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि काहीतरी बिघडल्याचं आपल्या पोटात कळतं. घरकामाकडे इतक्या गंभीरपणे पाहणारी दुसरी भूमिका मला आठवत नाही. अभिनेता सामी फ्रेने सेटवर टिपलेल्या व्हिडिओत सेरिग पंचविशीही न गाठलेल्या आकेरमानला प्रत्येक हालचालीमागचं कारण खोदून विचारताना दिसते.

हीच खोदून विचारण्याची सवय तिने कॅमेऱ्यामागे नेली. फ्रान्समध्ये गर्भपात गुन्हा असताना, १९७१ साली, आपण तो केल्याचं जाहीर करणाऱ्या ३४३ स्त्रियांच्या निवेदनावर तिची सही होती. ‘सुंदर दिस आणि गप्प बस’ या माहितीपटात तिने वीसहून अधिक अभिनेत्रींना विचारलं, मुलगा असतीस तर नटच झाली असतीस का? जेन फोंडा आणि मारिया श्नायडर त्यांत आहेत. १९८२ साली कारोल रूसोपुलो आणि योआना विडर यांच्यासोबत तिने पॅरिसमध्ये स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हुआर यांच्या नावाचं दृक्‌श्राव्य केंद्र काढलं. स्त्रियांच्या लढ्यांच्या व्हिडिओफिती तिथे जपल्या जाऊ लागल्या.

१९९०च्या ऑक्टोबरमध्ये, ५८व्या वर्षी, ती गेली. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या चित्रपटविषयक मासिकाच्या मतचाचणीत समीक्षकांनी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत ‘जान दीलमान’ला पहिलं स्थान दिलं.