जेन्नेची मातीची मस्जिद

जगातील आश्चर्ये सांगा म्हटले की आमच्या वर्गातली मुले ताजमहाल आणि पिरॅमिडपासून सुरुवात करतात. जेन्नेचे नाव कुणीच घेत नाही. मग आम्ही नकाशावर पश्चिम आफ्रिकेतला माली देश दाखवतो. तिथे बानी नदीजवळच्या या जुन्या गावाची जामा मस्जिद मातीची आहे. कच्च्या विटांची, वर मातीचाच गिलावा. मातीची जगातली सर्वांत मोठी इमारत म्हणून ती ओळखली जाते.

कोई कोंबोरो या राजाने इस्लाम स्वीकारल्यावर, तेराव्या शतकाच्या सुमारास, इथे पहिली मस्जिद बांधली असे सांगतात. आजची इमारत 1907 ची. पुराचे पाणी लागू नये म्हणून ती उंच चौथऱ्यावर आहे. आपण नमाजला पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे मक्का पूर्वेला. म्हणून तीन मनोऱ्यांची किबल्याची भिंत पूर्वेकडे आहे.

भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर डोकावतात. पाहुण्यांना ती निव्वळ नक्षी वाटते. पण गवंडी त्यांवरच पाय ठेवून वर चढतात. ही मस्जिदीची कायमची परांची आहे.

ती लागतेही दरवर्षी. पावसात गिलावा धुपतो, म्हणून पावसाळ्याआधी सारा गाव मस्जिद लिंपायला जमतो. नदीची माती आणि भाताचा तूस पाण्यात कालवून आधी कित्येक दिवस कुजवतात (वास अर्थातच येतो!). पोरे ती पायांनी तुडवतात, बायका आणि मुली पाणी वाहतात, गवंडी हातांनी थापतात. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागते. वडीलधारी मंडळी मात्र मानाच्या जागी बसून पाहतात. सिमेंटची भिंत असती तर एवढी माणसे दरवर्षी एकत्र आली असती का, असे आम्हाला वाटते.

धोका आहेच. 2009 साली मोठ्या पावसात एका मनोऱ्याचा भाग कोसळला. आगा खान सांस्कृतिक न्यासाच्या मदतीने तो पुन्हा मातीनेच उभारला गेला. 1988 मध्ये युनेस्कोने जेन्नेला जागतिक वारसा ठरवले, पण मालीतील अशांततेमुळे 2016 पासून ते धोक्यातील वारशांच्या यादीत आहे. परदेशी पाहुणे आता फारसे फिरकत नाहीत. गिलाव्याच्या दिवशी गाव मात्र आजही मातीच्या टोपल्या घेऊन चौकात जमतो.