ब्रिटनमधल्या ज्येष्ठांनी वीज-गॅसचा दर बांधून घ्यावा का?

ब्रिटनमध्ये ‘फिक्स्ड’ प्लॅन घेतला की वर्षभराचं बिल ठरलं, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. ठरतो तो युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार. थंडीत हीटिंग जास्त चाललं की बिल वाढणारच.

असा प्लॅन न घेणाऱ्या बहुतेकांना ऑफजेम या नियामकाची दरमर्यादा लागू होते. ती दर तीन महिन्यांनी बदलते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सर्वसाधारण घरासाठी वर्षाला ३,५४९ पौंड ठरली होती. शेवटी सरकारने मध्ये पडून ती रक्कम २,५०० पौंडांच्या आसपास रोखली.

पेन्शनवर घर चालवणाऱ्यांना अशा उसळीपासून मिळणारं संरक्षण मोलाचं आहे. दिवसभर घरात असणाऱ्यांचा वापरही जास्त असतो. मात्र बाजारभाव उतरले, तर बांधलेला दर महाग पडतो आणि मध्येच सोडायचा तर बऱ्याच प्लॅनना एक्झिट फी लागते. मुदतीच्या शेवटच्या ४९ दिवसांत ती माफ असते.

तिकडे राहणाऱ्या आईबाबांसाठी प्लॅन बघताना नुसता मासिक हप्ता पाहू नका. युनिटचा दर आणि स्थिर आकार दरमर्यादेशी ताडून पाहा, एक्झिट फी किती तेही बघा आणि मगच होकार द्या.