नवा माहिती-संरक्षण कायदा : छोट्या व्यापाऱ्यांनी आणि मालकांनी काय करावे?

दुकान, कारखाना, शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्यांकडे आज मालाइतकीच माणसांची माहितीही साठलेली असते. कामगारांची आधार कार्डे, ग्राहकांचे मोबाइल नंबर, प्रवाशांच्या पासपोर्टच्या प्रती, बँक खात्यांचे तपशील. ही माहिती भलत्याच्या हाती पडली तर एखाद्या गरीब कामगाराच्या नावावर त्याला ठाऊकही नसलेले कर्ज निघू शकते. म्हणून ही माहिती म्हणजे आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, असे समजले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार व्यावसायिकांवरील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. ही मुदत तयारीसाठी आहे.

कायदा कोणाला लागू?

हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे, हा समज चुकीचा आहे. उलाढाल लहान आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. हाताने लिहिलेली वही कायद्यात येत नाही. पण तिचा मोबाइलवर फोटो काढला किंवा नावे संगणकात भरली की ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते.

संमती केव्हा लागते?

ग्राहकाने पावतीसाठी आपणहून नंबर दिला, तर त्यावर पावती पाठवता येते. त्याच नंबरावर सेलच्या जाहिराती पाठवायच्या असतील तर वेगळी, स्पष्ट संमती घ्यावी लागेल. कोणती माहिती, कशासाठी घेतली, हे सोप्या भाषेत सांगावे लागेल. ही सूचना इंग्रजीबरोबरच मराठी, उर्दू अशा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळवण्याचा पर्याय ग्राहकाला आहे. दिलेली संमती मागे घेणेही तितकेच सोपे असावे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची खात्रीलायक संमती लागते. काही सवलती वगळता शिकवणी वर्गांनी हे ध्यानात ठेवावे.

मालक आणि कामगार

पगार, हजेरी यांसारख्या नोकरीच्या कामासाठी कामगाराची माहिती वापरताना प्रत्येक वेळी संमतीची गरज नाही. मात्र ती सांभाळण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. पगारपत्रकाचे काम बाहेरच्या माणसाला दिले आणि त्याच्याकडून माहिती फुटली, तरी उत्तर मालकालाच द्यावे लागेल.

माहिती फुटली तर

संबंधित व्यक्तींना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, आणि ७२ तासांत मंडळाला सविस्तर अहवाल द्यावा लागेल. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, तर घटना लपवल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. दंड ठरवताना चुकीचे गांभीर्य आणि नुकसान टाळण्यासाठी केलेले प्रयत्न पाहिले जातात. म्हणून आधीपासून केलेली तयारी कामी येते.

आजपासून करावयाची कामे

१) कोणती माहिती, कोठे आणि कोणाकडे आहे याची यादी करा. मुनीमाचा मोबाइल आणि व्हॉट्सॲप ग्रुपही त्यात धरा.

२) गरज नसलेली माहिती मागू नका. नुसत्या खरेदीसाठी आधार कार्ड कशाला?

३) संगणकाला पासवर्ड लावा, तो मोजक्याच लोकांना द्या आणि माहितीची दुसरी प्रत सुरक्षित ठेवा.

४) नोकरी सोडून गेलेल्यांची माहिती कर, भविष्य निर्वाह निधी आदी कायद्यांची आणि या नियमांतील किमान १ वर्षाची मुदत संपल्यावर नष्ट करा.

५) हिशेबनीस, सॉफ्टवेअरवाले यांच्याशी लेखी करार करा.

६) तक्रारीसाठी एका माणसाचे नाव आणि नंबर दुकानात लावा. तक्रारीचा निकाल ९० दिवसांच्या आत लावावा लागेल.

यांतल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, शिस्त लागते. ग्राहक आणि कामगार विश्वासाने आपली कागदपत्रे आपल्या हाती देतात. तो विश्वास टिकला तर धंदाही टिकतो.